जिवंतपणीच ‘हरवलेली’ कादंबरीकार : जीन रीस

आजचा एपिसोड छोटासाच आहे, पण जरा नीट ऐका.

१९४९ साली इंग्लंडमधल्या ‘न्यू स्टेट्समन’ साप्ताहिकात एक जाहिरात आली. सेल्मा वाझ डियास या अभिनेत्रीला जीन रीस या कादंबरीकार बाईंचा पत्ता हवा होता. अनेकांना वाटत होतं, बाई केव्हाच गेल्या. आणि उत्तर आलं, ते खुद्द जीनबाईंचं!

या बाई जन्मल्या १८९० मध्ये, कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर. १९०७ मध्ये इंग्लंडला आल्या. अभिनय शिकायला गेल्या, तर बोलण्याच्या ढबीवरून हेटाळणी. मग नाटकांत कोरस गर्ल. पहिलं बाळ तीन आठवड्यांतच गेलं. तीन लग्नं झाली, त्यातले दोन नवरे तुरुंगात गेले. शिवाय दारू, पैशांची चणचण. आणि याच सगळ्यात १९२८ ते १९३९ दरम्यान चार कादंबऱ्या लिहिल्या. मग त्या दिसेनाशाच झाल्या.

त्या जाहिरातीनंतर, १९५७ मध्ये, त्यांच्या कादंबरीचं रूपांतर बीबीसी रेडिओवर झालं. प्रकाशकांनी नवं पुस्तक मागितलं. ते यायला नऊ वर्षं लागली. डेव्हनमधल्या खेड्यातलं छोटं घर, आजारी नवरा, आणि तेच तेच पुन्हा लिहिणं.

‘जेन एअर’ वाचलीय? त्यात माळ्यावर कोंडलेली एक ‘वेडी’ बायको आहे, कॅरिबियनमधून आणलेली. जीनबाईंनी विचारलं, हिची बाजू कोण सांगणार? म्हणून त्यांनी ‘वाईड सारगॅसो सी’ लिहिली. मार्च १९६६ मध्ये नवरा गेला, ऑक्टोबरमध्ये पुस्तक आलं. पुढच्या वर्षी डब्ल्यू. एच. स्मिथ पुरस्कार मिळाला. वय शहात्तर! त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की हे फार उशिरा आलं.

आता मला खटकतं ते सांगते. अशा गोष्टी ऐकून आपण म्हणतो, ‘बघा, गुणाचं चीज होतंच.’ होतंच असं नाही हो! इथे एका वाचणाऱ्या बाईने शोध घेतला, म्हणून झालं. ती जाहिरात आलीच नसती तर? आणि सोसलं म्हणून लिहिता आलं, हेही मला पटत नाही. सोसण्यात वर्षं गेली, ती परत मिळाली नाहीत. सन्मान आला तो वरातीमागून घोडं आल्यासारखा.

म्हणून एक काम करा. तुमच्या आवडीच्या, आज हयात असलेल्या एखाद्या लेखिकेला दोन ओळी कळवा. आजच. भेटू पुढच्या भागात!