एका समुद्रफुलाची दोन

नाव फुलाचं, जात प्राण्याची आणि स्वभाव शिकाऱ्याचा! समुद्रफूल, म्हणजे सी अ‍ॅनिमोन, खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय बाळगणाऱ्यांचं लाडकं. त्यातही बबल टिप अ‍ॅनिमोन विशेष, कारण क्लाउनफिश त्याच्या शुंडकांत बिनधास्त वावरते. समुद्रात हे समुद्रफूल स्वतःच ताणलं जाऊन दुभंगतं आणि एकाची दोन होतात. घरच्या टाकीत हौशी माणूस तेच काम ब्लेडनं करतो.

ऐकायला क्रूर वाटतं खरं. पण या जीवाला मेंदू नसतो. धट्टंकट्टं, भरपूर खाणारं समुद्रफूल निवडायचं, खडकावरून अलगद सोडवायचं आणि कोऱ्या, धारदार ब्लेडनं थेट तोंडाच्या मधून एका झटक्यात कापायचं. दोन्ही अर्ध्या भागांना तोंडाचा आणि खडकाला चिकटणाऱ्या तळपायाचा वाटा मिळायलाच हवा. नुसत्या तुटक्या शुंडकातून नवा जीव उभा राहत नाही. हातमोजे मात्र हवेत, कारण शुंडकांवरच्या दंशपेशी माणसालाही सोडत नाहीत.

तुकडे मंद प्रवाहात ठेवले, की कापलेल्या कडा आत वळून एकमेकींना चिकटतात. नवं तोंड नीट तयार व्हायला आठवडे लागू शकतात. तोवर कोळंबी भरवण्याचा मोह आवरावा.

एखादा तुकडा सडू लागला तर तो ताबडतोब काढावा, नाहीतर अमोनिया वाढून मासेही दगावतात.

कार्पेट अ‍ॅनिमोनला ही कापाकापी सहसा सोसत नाही. टाकी नवी असेल, तर बबल टिपलाही ब्लेड लावू नये.