एका घावाचा हिशेब



‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत आणलेला खेळ. टेबलाभोवती बसायचं, आपापलं पात्र घेऊन गोष्ट रचत जायची आणि हाणामारीची वेळ आली की निकाल फाशांवर सोपवायचा. आज बोलायचंय ते त्यातल्या समोरासमोरच्या मारामारीबद्दल.

नवखा खेळाडू जास्त मार देणारं जे जे दिसेल ते गोळा करत सुटतो. मुरलेला खेळाडू बघतो, की एका कसबाची खोट दुसरं कोणतं कसब भरून काढेल.

२०१४ची पाचवी आवृत्ती घ्या. पाचव्या लेव्हलचा, ताकद १८ असलेला बार्बेरियन, दोन्ही हातांनी पेलायची मोठी तलवार. २० बाजूंचा फासा टाकायचा, त्यात ७ मिळवायचे. शत्रूचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठावा लागणारा त्याच्या चिलखताचा आकडा, १५ असेल तर शंभरात ६५ वेळा वार लागतो. ‘रेज’, म्हणजे बार्बेरियनचा संताप, चढलेला असला, की लागलेला वार सरासरी १३चा. आता ‘ग्रेट वेपन मास्टर’ हे फीट, म्हणजे पात्राचं जादा कसब, म्हणतं, नेमातले ५ सोड आणि माराचे १० घे. मार २३वर जातो खरा, पण वार लागायची शक्यता ४० टक्क्यांवर घसरते. दर वारामागे साडेआठाच्या जागी जेमतेम सव्वानऊ. एवढ्यासाठी कशाला आटापिटा?

जोडीला बार्बेरियनचं ‘रेकलेस अटॅक’ हे कसब आणा. फासा दोनदा टाकायचा, मोठा आकडा धरायचा. ४०चे थेट ६४ टक्के! गमावलेलं जवळपास सगळं परत आलं आणि वरचे १० आपलेच. दर वारामागे पावणेपंधरा.

फुकट मात्र काही नाही. शत्रूलाही तुमच्यावर दोनदा फासा टाकायला मिळतो. पण रेजमध्ये शस्त्रांचा मार निम्माच लागतो, म्हणून बार्बेरियनला हे परवडतं. इतरांनी नुसती नक्कल करू नये.

आणि आर्मर क्लास २० असेल, तर हा सौदा चक्क तोट्याचा. तिथं फीट बाजूला ठेवून नुसता रेकलेस अटॅक करावा.

२०२४च्या नियमांत हा ५-१०चा व्यवहार काढून टाकला. खेळ सुटसुटीत झाला. माझ्या मते मात्र त्यातली एक खरी मजा गेली. तुमच्या टेबलावर अजून २०१४चं पुस्तक असेल, तर फासा उचलण्याआधी समोरच्याचं चिलखत जोखा.