चिंचोके काय सांगतात?

संभाव्यतेचा पाठ आला की वर्गात नाणे उडवावयाचे, ही आम्हां शिक्षकांची ठरलेली रीत आहे. दिलसुखनगर येथील माझ्या नववीच्या वर्गात मीही ती अनेक वर्षे पाळली. प्रत्येकाने पन्नास वेळा नाणे उडवावे, छापा-काटा क्रमाने लिहावा; आणि ज्याचे उत्तर पंचविसाच्या जवळ, त्याच्या वहीवर मी ‘उत्तम’ असा शेरा मारावा.

एके वर्षी एका मुलीच्या वहीत छापा 25 आणि काटाही 25 निघाला. हे अशक्य नव्हे; शंभर मुलांनी प्रयोग केला तर सुमारे अकरा जणांचे तसे यावे. परंतु तिच्या नोंदीत एकच बाजू लागोपाठ तीनदासुद्धा आलेली नव्हती. खरोखर उडविलेल्या नाण्यात पन्नासांमध्ये चार वेळा सलग तीच बाजू बहुधा येतेच. विचारल्यावर ती खाली मान घालून म्हणाली, “टीचर, माझे एकतीस छापे आले होते. चुकले असे वाटले, म्हणून पुन्हा लिहिले.” खोटे लिहावयास तिला माझ्याच शेऱ्याने शिकविले होते.

पुढील वर्षी मी चिंचोके आणविले. चिंचेवाचून ज्यांचा स्वयंपाक होत नाही अशा आमच्या वस्तीत त्यांना काय तोटा! एका अंगाने फरशीवर घासून पांढरा केलेला चिंचोका दुसऱ्या अंगाने फुगीरच राहतो. तो पांढरी बाजू वर करून किती वेळा पडेल, हे कोणत्याही पुस्तकात नाही. मलाही ठाऊक नव्हते. त्यामुळे मला खूश करण्याजोगे उत्तरच कोणापाशी नव्हते. दर दहा फेकींनंतर मुले अपूर्णांक फळ्यावर मांडीत. आरंभी तो फार डोले. शेकडा ओलांडल्यावर हळूहळू स्थिरावे, आणि दोन चिंचोक्यांचा अपूर्णांक एकच निघेना, याची मुलांना मोठी गंमत वाटली.

दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असलेल्या जॉन केरिच या गणितज्ञाची हकीकत मी तेव्हा सांगितली. त्याने 10,000 वेळा नाणे उडविले. छापे आले 5067, आणि त्याने 1946 साली तसेच छापले. “मग फरक 67 झाला, वाढलाच की!” एक मुलगा म्हणाला. आकडा वाढला खरा, पण दहा हजारांत तो शेकडा एकाहूनही कमी, हे त्याने स्वतःच भागाकार करून पाहिले.

त्याच मुलाने पुढे विचारले, की अष्टा-चम्मा खेळताना चारही पांढरे वर पडले तर चार घरे आणि चारही पालथे पडले तर आठ, हे का? पालथे पडणे दुर्मीळ आहे म्हणून? त्याचे चार चिंचोके मी त्याला परत दिले. सध्या तो मधल्या सुट्टीत फेकीत बसतो.