गर्भपाताचा कायदा : मतभेद आणि सहमती

(सरपंच, शिक्षक व क्षेत्रीय कर्मचारी यांच्यासमोरील भाषणाचा मजकूर)



गर्भपाताचा विषय निघाला की सभेत दोन तट पडतात. एका बाजूस मुलींच्या घटत्या संख्येने अस्वस्थ झालेली मंडळी असतात. दुसऱ्या बाजूस, नको असलेले गर्भारपण स्त्रीवर लादले जाऊ नये, असे म्हणणारी. दोन्ही पक्ष स्त्रीच्याच हिताची भाषा बोलतात, आणि तरीही परस्परांकडे संशयाने पाहतात.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने, स्त्रीचा जीव वाचविण्याचा हेतू वगळता, गर्भपात हा गुन्हा ठरविला. तो करून घेणारी स्त्रीही त्यात दोषी. त्यामुळे गर्भपात थांबले नाहीत. ते अंधाऱ्या खोलीत, अडाणी हातांत गेले. म्हणूनच १९६४ साली महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र शासनाने समिती नेमली. तिच्या १९६६ च्या अहवालातून वैद्यकीय गर्भपात अधिनियम, १९७१ उभा राहिला व १ एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. जीवाचा आरंभ केव्हा होतो, या वादात हा अधिनियम शिरलाच नाही. गर्भपात कोणी, कोठे, कोणत्या कारणास्तव व कितव्या आठवड्यापर्यंत करावा, एवढेच त्याने ठरविले. या व्यवहारी शहाणपणाचे श्रेय त्याला क्वचितच दिले जाते. २०२१ च्या दुरुस्तीने काही विशिष्ट स्त्रियांसाठी वीस आठवड्यांची मर्यादा चोवीसवर नेली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही त्यात स्थान दिले.

मधल्या काळात सोनोग्राफी आली, आणि तिचा दुरुपयोगही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा १९९४ मध्ये झाला. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत दर हजार मुलांमागे २००१ साली ९१३ असलेल्या मुली २०११ साली ८९४ वर आल्या. ही चिंता खरी आहे, आणि ती कोणी हसण्यावारी नेऊ नये.

तथापि या चिंतेपोटी भिंतीभिंतींवर ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द रंगविला गेला आणि गर्भपातमात्रालाच हत्येचा डाग लागला. दोन मुलींची आई चौथ्या महिन्यात दवाखान्यात गेली, तर तिची हकिकत ऐकण्याआधीच तिच्यावर संशय घेतला जातो. चौकशीच्या धास्तीने डॉक्टर हात झटकतात. मग ती जाते कोठे? दुकानातून मिळेल ती गोळी घेते, नाहीतर भोंदूच्या दारात उभी राहते. म्हणजे १९७१ पूर्वी जेथे जात होती तेथेच. लिंग सांगणारा मात्र आपल्या यंत्रापाशी निर्धास्त!

दोन्ही पक्षांची सहमती होऊ शकते ती येथे. दोन्ही कायदे परस्परांच्या आड येत नाहीत. गुन्हा आहे तो लिंग तपासण्यात व सांगण्यात. त्यातही, गर्भवतीवर पती वा नातलगांनी दबाव आणला असावा, असे कायदाच गृहीत धरतो. तेव्हा ग्रामसभेने लक्ष ठेवायचे ते सोनोग्राफी केंद्रावर. कोणाच्या घरी पाळी चुकली, याची नोंदवही गावाने ठेवायची नाही. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीचे नाव गुप्त राखणे हे तर कायद्याचेच बंधन आहे.

आणखी एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी चुकते. पतीची सही आणा, असे सांगून स्त्रीला परत पाठविले जाते, आणि त्या हेलपाट्यांत आठवडे उलटून जातात. संमतीचा नमुना ‘सी’ काढून पाहावा. सज्ञान स्त्रीची सही तेवढी त्यात पुरेशी आहे. पालकाची सही लागते ती अठरा वर्षांखालील मुलीसाठी किंवा मनोरुग्ण स्त्रीसाठी. पतीच्या सहीला त्यात जागाच नाही.