चिन्ह बदललं, प्रश्न तेच राहिले
(गंजाड येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गंजाडचं नाव जगाला माहीत झालं ते जिव्या सोमा मशे यांच्यामुळे. १५ मे २०१८ रोजी ते गेले, तेव्हा पालघर जिल्ह्यात लोकसभा पोटनिवडणुकीचा प्रचार ऐन भरात होता. २८ मे रोजी मतदान झालं. आज मी त्या निवडणुकीपासून सुरुवात करणार आहे, कारण 'आपण मत कोणाला द्यायचं?' या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. पालघर हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ आहे. 'मग इथे आपला माणूस उभाच राहू शकत नाही,' असं काही मित्र म्हणतात. कायद्यात तसं नाही. अनुसूचित जमातीच्या आरक्षणात धर्म पाहिला जात नाही, जमात पाहिली जाते. जळगावकडचे तडवी भिल्ल मुस्लिम आहेत आणि अनुसूचित जमातीतही आहेत. सच्चर समितीने २००६ मध्ये एक मुद्दा मांडला होता. मुस्लिमांची मोठी वस्ती असलेले काही मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव होतात, असा तो मुद्दा. तो वेगळा आहे, आणि त्यावर जरूर बोलावं. पण डहाणू-तलासरीत आदिवासी बहुसंख्य आहेत. इथलं आरक्षण कुणाच्या ताटातलं काढून दिलेलं नाही. मतदार म्हणून आपला हक्क इथे पूर्ण शाबूत आहे.

आता २०१८ कडे येऊ. भाजपचे खासदार चिंतामण वनगा यांचं जानेवारीत निधन झालं. त्यांचे चिरंजीव श्रीनिवास शिवसेनेकडून उभे राहिले, आणि भाजपने काँग्रेसमधून आलेल्या राजेंद्र गावितांना उमेदवारी दिली. गावितांना २,७२,७८२ मतं पडली, वनगांना २,४३,२१० आणि बहुजन विकास आघाडीच्या बळीराम जाधवांना २,२२,८३८. शिवाय माकप आणि काँग्रेसचे उमेदवार होतेच. पहिल्या पाच जणांची मतं एकत्र केली, तरी विजेत्याचा वाटा एक तृतीयांशाहून कमी भरतो.

पुढच्याच वर्षी युतीत ही जागा शिवसेनेला गेली आणि जागेबरोबर उमेदवारही गेला. गावित धनुष्यबाणावर ८८,८८३ मतांनी जिंकले. २०२४ मध्ये जागा परत भाजपकडे आली. त्या मे महिन्यात गावित भाजपमध्ये गेले, आणि विधानसभेला पुन्हा शिवसेनेच्या शिंदे गटाकडून पालघरचे आमदार झाले. लोकसभेला भाजपचे हेमंत सवरा १,८३,३०६ मतांच्या फरकाने निवडून आले.

ही एका माणसावरची टीका नाही. असे प्रवास सगळ्या पक्षांत झाले आहेत. पक्षांतरबंदी कायदा १९८५ पासून आहे, पण सभागृहाची मुदत संपत आली असताना नवी उमेदवारी घेणाऱ्याला तो फारसा अडवत नाही. मला विचारायचं आहे ते मतदाराबद्दल. ज्याने २०१८ ला कमळ पाहून मत दिलं आणि ज्याने धनुष्यबाण पाहून दिलं, त्या दोघांनी वर्षभरात काय कमावलं?

आपल्या मोहल्ल्यांत निवडणुकीच्या आदल्या रात्री एकच हिशेब चालतो: कोणाला पाडायचं? मी तो हिशेब मूर्खपणाचा म्हणणार नाही. भीती खरी असते, आणि थोडी मतंही निकाल फिरवतात. डहाणू विधानसभेत माकपचे विनोद निकोले २०१९ मध्ये ४,७०७ मतांनी जिंकले आणि २०२४ मध्ये ५,१३३ मतांनी. पण फक्त पाडण्यासाठी दिलेल्या मताला निकालानंतर काही मागता येत नाही. उमेदवाराला ठाऊक असतं की हे लोक आपल्याकडे आले नव्हते, समोरच्याला घाबरून आले होते. अशा मतदाराचा फोन कोण उचलणार?

निकोलेंच्या पक्षाचा प्रचार करायला मी आलेलो नाही. २०१४ मध्ये तोच पक्ष इथे हरला होता. पण तो इथे टिकला कसा, हे पाहण्यासारखं आहे. त्याची मुळं १९४५ च्या वारली उठावात आहेत, शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या वेठबिगारीविरुद्धच्या लढ्यात. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या शेतकरी मोर्चात वनहक्काची मागणी पुढे होती. म्हणजे मतदान नसलेल्या वर्षीही लोक आणि पक्ष एकमेकांना भेटत होते. आपण मुस्लिम तरुण राजकीय पक्षांना कधी भेटतो? इफ्तारला आणि मतदानाच्या आठवड्यात.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे कोणता बदल कोणी, कधी आणि का केला, याची नोंद ठेवावीच लागते. तेच इथे करायला हवं. त्यासाठी तीन कामं सांगतो.

पहिलं, मतदार यादी. अठरा वर्षं पूर्ण झाल्याची तारीख आता वर्षातून चारदा धरली जाते: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलला किंवा दुरुस्ती असेल तर नमुना ८. लग्न होऊन आलेल्या मुलींची नावं सर्वात जास्त राहून जातात. घरोघरी जाऊन विचारा.

दुसरं, ग्रामसभा. डहाणू आणि तलासरी अनुसूचित क्षेत्रात येतात. इथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि जमीन संपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय करावा लागतो. गावचे मतदार असाल तर तुम्हीही तिचे सदस्य आहात. तिथे आदिवासी शेजाऱ्यांचं आधी ऐका. त्यांच्या जमिनीच्या प्रश्नावर त्यांच्याबरोबर बसलात, तर तुमच्या शाळेच्या किंवा कब्रस्तानच्या रस्त्याच्या प्रश्नावर ते तुमच्याबरोबर बसतील.

तिसरं, प्रश्नांचा कागद. प्रत्येक उमेदवाराला तेच पाच प्रश्न लेखी द्या. वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालं. मच्छीमारांचं काय होणार? वनहक्काचे दावे का अडले? दवाखान्यात डॉक्टर कधी असेल? उत्तर, तारीख आणि त्या दिवशीचा त्याचा पक्ष, तिन्ही लिहून ठेवा. पुढच्या वेळी तो दुसरं चिन्ह घेऊन आला, तरी कागद तोच पुढे करा.

हे पाच प्रश्न कोणते, ते मी ठरवणार नाही. आज उठण्यापूर्वी तुम्हीच ठरवा. मुलींनी आधी बोलावं. वही आणि पेन इथे ठेवलं आहे.