आगकाड्या आणि मुलांचें विज्ञान

परसाचें लांकडी फाटक दोन पावसाळे खाऊन झालें कीं, त्याचा बाहेरचा कोपरा खालीं येतो आणि जमिनीवर घासूं लागतो. चारी लांकडें धड असतात, खिळेहि निघालेले नसतात. तरी चौकोन तिरपा झालेला असतो. मग सुतार येतो, फाटक वर उचलून धरतो आणि एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी पट्टी ठोकतो. फाटक पुन्हां नीट लागूं लागतें. ती पट्टी तिरकीच कां, आडवी कां नाहीं, हा प्रश्न घरांतील सात-आठ वर्षांचें मूल विचारतें. मोठीं माणसें फाटक लागलें यांतच समाधान मानून आंत जातात.

शाळेंत विज्ञान शिकविलें जातें तें बहुधा याच्या उलट क्रमानें. प्रथम व्याख्या, मग आकृति, मग प्रयोगाचें वर्णन, आणि शेवटीं प्रयोग न करतांच त्याचें अनुमान वहींत उतरवून घेणें. प्राणवायु गोळा करण्याच्या कृतीची सुबक आकृति काढणारे विद्यार्थी हजारांनीं मिळतील. ती नळी प्रत्यक्ष हातांत धरलेले शेंकड्यांनीं मिळणेंहि कठीण. यांत सर्व दोष शिक्षकांचा नाहीं. साठ मुलांचा वर्ग, कुलुपबंद कपाट, आणि फुटलेल्या कांचनळीची भरपाई आपल्या पगारांतून द्यावी लागेल ही धास्ती, अशा स्थितींत खडू आणि फळा एवढींच साधनें हातीं उरतात.

ही रीत मोडण्याचा एक मोठा प्रयत्न मध्यप्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्यांत झाला. (२०२२ पासून त्या जिल्ह्याचें नांव नर्मदापुरम् असें आहे.) १९७२ सालीं किशोर भारती आणि रसूलियाचें फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनीं सोळा शाळांत, सहावी ते आठवीच्या वर्गांसाठीं, विज्ञानाचें निराळें शिक्षण सुरू केलें. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञ व दिल्ली विद्यापीठांतील प्राध्यापक या कामांत खेड्यांतील शिक्षकांच्या जोडीला आले. मुलें चार-चारांच्या टोळीनें प्रयोग करीत, दिसेल तें लिहीत, आणि निष्कर्ष आपसांत वाद घालून ठरवीत. ‘बाल वैज्ञानिक’ या त्यांच्या पुस्तकांत तयार उत्तरें नसत. परीक्षेच्या वेळीं तें पुस्तक खुशाल उघडून बसावें, अशी मोकळीक होती. उतरवून काढण्यासारखें त्यांत कांहीं नव्हतेंच! मुलांनीं पत्रानें विचारलेल्या शंकांना ‘सवालीराम’ या कल्पित गृहस्थाच्या नांवानें उत्तरें जात. १९७८ मध्यें हा उपक्रम जिल्हाभर पसरला, १९८२ मध्यें एकलव्य ही संस्था निघून तिनें तो पुढें चालविला, आणि २००२ सालीं राज्यसरकारनें तो बंद केला. तीस वर्षें सरकारी शाळांत, सरकारी शिक्षकांच्या हातून चाललेलें काम एका हुकुमानें थांबलें. ज्या शिक्षकांनीं मुलांना प्रश्न विचारूं दिले होते, त्यांच्या हातीं पुन्हां प्रश्नोत्तरांचें पुस्तक आलें, याचें वाईट वाटल्याशिवाय राहत नाहीं.

१९७८ च्या सुमारास पुण्याच्या टेल्को कारखान्यांतील एक तरुण इंजिनियर, श्री. अरविंद गुप्ता, रजा काढून या कामासाठीं तेथें गेले होते. खेड्यांतील बाजारांत जें मिळतें त्यांतूनच मुलांचें साहित्य करावें, या विचारांतून त्यांच्या हातीं दोन वस्तू आल्या: आगपेटीच्या काड्या आणि सायकलची बारीक व्हॉल्व्ह-ट्यूब. पुढें पुण्यांतच, आयुका या संस्थेच्या बाल-विज्ञान केंद्रांत, त्यांनीं अनेक वर्षें टाकाऊ वस्तूंचीं खेळणीं मुलांकडून करून घेतलीं. २०१८ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्या आगकाड्यांची योग्यता कोणत्याहि पदवीवांचून समजते. त्यासाठीं चौथीचा एक वर्ग पुरे आहे.

काड्यांचें गूल प्रथम खरवडून काढावें. ट्यूबचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करावे. तुकड्याच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी खुपसली कीं दोन काड्यांचा सांधा झाला. तिसरी काडी जोडावयाची असेल तर तुकड्याच्या मध्यावर बाभळीच्या कांट्यानें आरपार भोंक पाडून तींतून ती घालावी. एवढीच कारागिरी.

आतां मुलांनीं तीन काड्यांचा त्रिकोण आणि चार काड्यांचा चौकोन करावा, आणि दोन्ही दाबून पाहावे. चौकोन लगेच कलतो, पतंगासारखा होतो, शेवटीं अगदीं चपटतो. त्रिकोण जागचा हलत नाहीं. काडी मोडेल, सांधा सुटेल, पण आकार बदलणार नाहीं. वर्गांत येथें बराच गलका होतो, आणि तो होऊं द्यावा. फाटकाची तिरकी पट्टी, छपराची कैची, रेल्वेच्या लोखंडी पुलाच्या बाजूंस दिसणाऱ्या तिरप्या तुळया, या सर्वांचें कारण त्या दाबणाऱ्या बोटांत आलेलें असतें. पुस्तकांतील वाक्यानें तें तेथवर पोंचत नाहीं.

शिक्षकाची खरी कसोटी यानंतर लागते. काड्या चार आण्यांच्या असोत कीं रुपयाच्या, त्यांनीं काम भागतें; पण उत्तर ठाऊक असतांना गप्प बसणें महाग पडतें, आणि उत्तर ठाऊक नसतांना तसें वर्गापुढें कबूल करणें तर त्याहून महाग. “गुरुजी, असें कां?” याला “करून पाहूं या” असें म्हणणाऱ्या शिक्षकाचा मान कमी होतो, ही समजूत खोटी आहे. मान कमी होतो तो खोटें उत्तर पकडलें गेल्यावर. आणि आगकाड्या तें तेव्हांच पकडतात.

समजा, एका मुलीनें बारा काड्यांचा घन उभा केला. तो अर्थातच एका बाजूला कलला. चौकोनाला तिरकी काडी हवी, हें तिला आतां ठाऊक आहे, म्हणून ती एका बाजूंत काडी घालावयास जाते. पण काडी पुरत नाहीं! समोरच्या कोपऱ्यापर्यंत पोंचण्यास ती आंखूड पडते. दुसरी घेऊन पाहते, तीहि आंखूड. येथें गुरुजींनीं कर्णाचा नियम सांगून टाकला तर पांच मिनिटें वांचतील. न सांगितला तर ती कोपऱ्यांतल्या खराट्याची हीर आणील, लावून पाहील, मोडील, पुन्हां लांब घेईल, आणि हीर काडीच्या जवळजवळ दीडपट लागते हें स्वतः मापील. दीडपटीला थोडी कमी, असें तिच्या शेजारचा मुलगा म्हणेल. त्यावरून भांडण होईल, आणि पट्टी मागितली जाईल. एका बाजूला हीर बसली तरी घन अजून डुलतोच. दुसऱ्या बाजूला बसविली, तिसऱ्या बाजूला बसविली. घंटा होते, मुलें दप्तरें आवरूं लागतात, आणि ती मुलगी घन हातांत फिरवून बाजू मोजीत असते: सहा बाजू, तीन हिरा लागल्या, अजून तीन हव्यात.