कुलूप नसलेली केबिन



माझे मामा मालवाहू जहाजावर तेलवाले होते. इंजिनरूममध्ये यंत्रांना तेल घालायचं, बेअरिंगला हात लावून ती तापली नाहीत ना हे बघायचं, हे त्यांचं काम. सुट्टीवर रत्नागिरीला आले की आम्ही पोरं त्यांच्याभोवती कोंडाळं करून वादळाच्या गोष्टी मागायचो. मामा म्हणायचे, "वादळाचं काय घेऊन बसलात! वादळात सगळे एकमेकांना धरून असतात. भीती वाटते ती मध्यरात्री इंजिन थांबलं की. गाढ झोपलेला माणूस त्या शांततेनं ताडकन उठून बसतो." आम्ही गप्प बसलो की ते हळूच पुढे म्हणायचे, "आणि दुसरी भीती वरचा साहेब वाकडा निघाला तर. गावात माणूस घर सोडून जातो, नोकरी सोडून जातो. जहाजावरून पुढचं बंदर येईपर्यंत जाणार कुठे?"

मामांचं ते दुसरं वाक्य मला खऱ्या अर्थानं कळलं ते पुष्कळ वर्षांनी, एक जुना, स्वस्तातला, कृष्णधवल अमेरिकन चित्रपट पाहताना. त्याचं नाव 'द घोस्ट शिप', साल १९४३. नावात भूत आहे आणि चित्रपटात भूत नाही. राक्षस मात्र आहे, आणि तो इस्त्रीच्या गणवेशात आहे. आज बोलायचं आहे ते मुख्यतः त्याच्याविषयी.

हा चित्रपट कसा निघाला ते आधी सांगतो, कारण त्याचं मोठेपण त्याच्या गरिबीतून आलेलं आहे. १९४२ साली हॉलिवूडमधला आरकेओ हा स्टुडिओ आर्थिक अडचणीत होता. ऑर्सन वेल्सच्या 'सिटिझन केन'नं आणि 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स'नं कीर्ती दिली, गल्ला दिला नाही. तेव्हा स्टुडिओनं स्वस्त भयपटांसाठी एक वेगळा विभाग काढला आणि तो व्हॅल ल्यूटन नावाच्या माणसाच्या हाती दिला. ल्यूटन मूळचा काळ्या समुद्राकाठच्या याल्टाचा, लहानपणी अमेरिकेत आलेला. त्याला तीन अटी घातल्या गेल्या. खर्च दीड लाख डॉलरच्या आत हवा, लांबी ७५ मिनिटांच्या आत हवी, आणि चित्रपटाचं नाव स्टुडिओ देईल. म्हणजे आधी नाव यायचं, मग त्या नावाला बसेल अशी गोष्ट शोधायची!

पहिलं नाव आलं 'कॅट पीपल'. बाईची बिबळीण होते अशी गोष्ट. पैसे असलेल्या माणसानं केसाळ मुखवटे आणि नखांचे हातमोजे शिवून घेतले असते. ल्यूटन आणि त्याचा दिग्दर्शक जाक तुर्नर यांनी ते टाळलं. रात्रीच्या रस्त्यावर एक तरुणी एकटी भराभर चालली आहे, मागून दुसऱ्या पावलांचा आवाज येतो आहे, आणि तो आवाज एकाएकी थांबतो. ती घाबरून मागे बघते आणि तेवढ्यात श्वापदाच्या फिसकारण्यासारखा आवाज करत पडद्यावर बस येऊन उभी राहते. तो आवाज बसच्या ब्रेकचा. थिएटरात लोक खुर्चीतून उडाले. चित्रपटवाले अशा हुलकावणीला आजही 'ल्यूटन बस' म्हणतात. त्या चित्रपटातला घराचा भव्य जिना वेल्सच्या 'अँबरसन्स'साठी बांधलेला होता, तो तसाच वापरला. दुसऱ्याचं उरलेलं सामान आपल्या गोष्टीत असं बसवायचं की ते तिच्यासाठीच घडवलंय असं वाटावं, हे ल्यूटनचं कसब होतं.

जहाजही असंच आलं. १९३९ साली आरकेओनं 'पॅसिफिक लायनर' नावाचा चित्रपट काढला होता, त्यासाठी बांधलेला जहाजाचा सेट स्टुडिओत पडून होता. तो वापरून काहीतरी करा, असा निरोप ल्यूटनला आला. दिग्दर्शनाला त्यानं मार्क रॉबसनला घेतलं. रॉबसन संकलनाच्या टेबलावरून आलेला, 'कॅट पीपल'ची कात्री त्याचीच. कॅमेरा निकोलस मुसुराकाचा. हा माणूस दिवे कमी लावायचा आणि उरलेल्या अंधाराकडून काम करून घ्यायचा.

गोष्ट साधी आहे. टॉम मेरियम नावाचा तरुण थर्ड ऑफिसर 'अल्टेअर' या मालवाहू जहाजावर रुजू होतो. कप्तान स्टोन, म्हणजे रिचर्ड डिक्स, शांत, सुसंस्कृत, पोराला वडिलांच्या मायेनं वागवणारा. सुरुवातीला एक छोटा प्रसंग आहे. मेरियम एक पतंग मारायला जातो आणि कप्तान त्याला अडवतो. याला मारायचा तुला हक्क नाही, कारण याचा जीव तुझ्या भरवशावर नाही, असा त्याचा मुद्दा. ऐकताना वाटतं, किती दयाळू माणूस! मग हळूहळू उलटा अर्थ ध्यानात येतो. ज्यांचा जीव माझ्या भरवशावर आहे त्यांच्यावर मात्र माझा हक्क आहे, जगवण्याचा आणि मारण्याचाही. एवढ्या शांतपणे आपलं तत्त्वज्ञान मांडणारा राक्षस मला दुसऱ्या भयपटात भेटलेला नाही.

यातले दोन प्रसंग जरा जवळून पाहू. डेकवर सामान उचलायचा प्रचंड लोखंडी आकडा टांगलेला आहे. मेरियम म्हणतो, हा बांधून ठेवायला हवा. कप्तान नको म्हणतो, कारण आकड्याला नुकताच रंग दिलेला आहे, तो खराब होईल. रात्री समुद्र उसळतो आणि तो मोकळा आकडा या टोकापासून त्या टोकापर्यंत झोके घ्यायला लागतो. लाकूड फुटतं, होड्यांवर घाव बसतात, माणसं जीव मुठीत धरून त्याला आवरायला धावतात. मुसुराकानं तो असा टिपला आहे की आकडा अंधारातून एकदम अंगावर येतो आणि पुन्हा अंधारात नाहीसा होतो. जबडा उघडलेलं जनावर वाटतं ते. त्याला रबरही लागलं नाही आणि शिंपीही लागला नाही. लागला एक आकडा, एक दोर आणि ताज्या रंगाचं कारण सांगणारा एक वरिष्ठ!

दुसरा प्रसंग नांगराच्या साखळीचा. नांगर वर घेताना ती अजस्र साखळी खालच्या एका अरुंद खोलीत उतरते आणि तिथे उभं राहून एका खलाशानं ती नीट रचायची असते. लुई नावाच्या ज्या खलाशानं कप्तानाविरुद्ध तोंड उघडलेलं असतं तोच त्या खोलीत आहे. कप्तान येतो, खोलीचं दार शांतपणे ओढून घेतो, बाहेरून अडसर लावतो आणि निघून जातो. वरून साखळी येतच राहते. लुई ओरडतो, पण त्या खडखडाटात त्याचा आवाज कुणापर्यंत जात नाही. रक्ताचा थेंब दिसत नाही. मी हा चित्रपट पुष्कळ वेळा पाहिला आहे आणि दर वेळी या ठिकाणी माझे हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले जातात.

पण खरी भीती यापुढे सुरू होते. मेरियम बंदरावर उतरून कंपनीच्या एजंटाकडे तक्रार करतो. चौकशी होते. खलाशी एकामागून एक उभे राहतात आणि कप्तानाच्या बाजूनं बोलतात. ते भेकड नाहीत, विकलेलेही नाहीत. त्यांना खरोखरच तो भला माणूस वाटतो. मधे एकदा एका आजारी खलाशाचं पोट उघडायची वेळ आली होती. वायरलेसवरून डॉक्टर सूचना देत होता, कप्तानाचा हात गोठला आणि शस्त्रक्रिया मेरियमनं केली. पण कप्तानाची अब्रू राहावी म्हणून ही गोष्ट बाहेर बोलू नकोस, असं वायरलेसवाल्याला त्यानंच बजावलं होतं. वरच्याची लाज झाकणारे आपण सगळेच, मंडळी, इथे थोडे अस्वस्थ होतो.

मेरियम जहाज सोडतो. मग बंदरातल्या एका मारामारीत तो बेशुद्ध पडतो आणि त्याचेच सोबती त्याला आणून पुन्हा त्याच जहाजावर टाकतात. तो शुद्धीवर येतो तेव्हा जहाज समुद्रात आहे. कुणी त्याच्याशी बोलत नाही. रात्री तो केबिनचं दार लावायला जातो आणि बघतो तर दाराचं कुलूप काढून टाकलेलं आहे.

बस, एवढंच. भोक पडलेलं एक लाकडी दार. मामांनी सांगितलेली भीती अशी दिसते.

आता याच्या शेजारी एक दुसरा चित्रपट ठेवतो, कारण त्यातला राक्षस खरोखर रबराचा आहे. १९५८ चा 'इट! द टेरर फ्रॉम बियाँड स्पेस', दिग्दर्शक एडवर्ड कान, लेखक जेरोम बिक्सबी. जहाज आहे, पण अवकाशातलं. मंगळावरून पृथ्वीकडे निघालेल्या यानाचं एक दार थोडा वेळ उघडं राहतं आणि तेवढ्यात एक प्राणी आत शिरतो. यान उभं, मजल्यावर मजला, मधोमध जिना आणि प्रत्येक मजल्याला झाकण. प्राणी एकेक झाकण फोडत वर येतो आणि माणसं एकेक मजला सोडत वर सरकतात. प्राण्याचा पोशाख पॉल ब्लेसडेलनं केला होता. तो घालणारा रे कॉरिगन डोक्याचं माप द्यायला गेलाच नाही, त्यामुळे मुखवटा त्याला होईना आणि त्याची हनुवटी राक्षसाच्या तोंडातून बाहेर यायला लागली. शेवटी त्या हनुवटीला रंग देऊन ती जीभ म्हणून खपवली. चित्रपट पाहाल तेव्हा ती जीभ निरखून बघा. हाती आहे त्यात मार्ग काढणाऱ्या कामगारांची ती खूण आहे, आणि मला तिच्याविषयी प्रेम वाटतं.

या चित्रपटात दोष पुष्कळ. यानाच्या आत लोक बिनधास्त हातबॉम्ब फोडतात. त्यांच्यातली बाई डॉक्टर असली तरी पुरुषांना कॉफी द्यायचं काम बायकांकडेच. पण एक जागा अस्सल आहे. पाय मोडलेला एक माणूस खालच्या मजल्यावर कोपऱ्यात अडकून पडतो आणि वेल्डिंगच्या ज्योतीनं प्राण्याला लांब ठेवतो. सोबती वर आहेत, मधे झाकण आहे. राक्षस कसाही दिसो, ते झाकण उघडायचं की नाही हा प्रश्न खरा आहे. शेवटी यानातली हवा बाहेर सोडून प्राण्याला गुदमरवतात. यानात कुणीतरी लपून चढतं, हवेच्या बोगद्यांतून फिरतं, माणसं एकेक कमी होतात आणि अखेर बाहेरचं दार उघडावं लागतं, हा सगळा आराखडा १९७९ च्या 'एलियन'मध्ये पुन्हा दिसतो. तिथे पैसा होता, रिडली स्कॉटसारखा दिग्दर्शक होता, एच. आर. गीगरसारखा चित्रकार होता. तरीही राक्षस दाखवला तो अगदी थोडा वेळ. यानाचं नाव 'नोस्त्रोमो' ठेवलं, आणि ते आलं जोसेफ कॉनराडच्या कादंबरीवरून. कॉनराड स्वतः अनेक वर्षं जहाजावर काढलेला लेखक.

पडद्यावरून जरा खऱ्या जहाजाकडे येऊ. मुंबईच्या श्रोत्यांना २०११ चा जून आठवत असेल. अलंगला भंगारात निघालेलं 'एमव्ही विझडम' दोर तुटून जुहूच्या किनाऱ्याला येऊन रुतलं. ओकंबोकं, काळं, अवाढव्य धूड, आणि त्याच्यासमोर फोटो काढणारी गर्दी. पुढे २०२० मध्ये त्या घटनेवरून सुचलेला 'भूत' हा हिंदी चित्रपटही आला. पण जुहूवर उभं राहून ते जहाज बघताना भीती कुणालाच वाटली नाही. पायाखाली वाळू होती, मागे रस्ता होता, परत जायला रिक्षा होती.

माझं म्हणणं एवढंच आहे की जहाजावरच्या भयपटात राक्षस दुय्यम असतो. मुख्य असतं ते न येणारं बंदर, आणि आपल्यावर विश्वास न ठेवणारे शेजारी. 'इट!'मध्ये निदान सगळ्यांना राक्षस दिसतो, म्हणून सगळे एक होतात. 'घोस्ट शिप'मध्ये तो एकट्या मेरियमला दिसतो, म्हणून मी त्या चित्रपटाला वरचं स्थान देतो. आणखी एकाला मात्र तो दिसत असतो. फिन नावाचा मुका खलाशी, ज्याच्या मनातले विचार फक्त आपल्याला ऐकू येतात. बोलू शकणारे सगळे चुकीची साक्ष देतात आणि ज्याला खरं कळलं आहे त्याला वाचा नाही. शेवटी कप्तानाच्या आणि मेरियमच्या मधे उभा राहतो तो हा फिन.

चित्रपट डिसेंबर १९४३ मध्ये लागला आणि लवकरच नाहीसा झाला. आमची कथा उचलली, असा दावा दोन लेखकांनी लावला, न्यायालयात स्टुडिओ हरला आणि चित्रपट प्रदर्शनातून काढून घेतला गेला. सुमारे ५० वर्षं तो सहजासहजी कुणाला पाहायला मिळाला नाही. ल्यूटन १९५१ साली, वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी गेला. आपला हा चित्रपट पुन्हा लोकांसमोर आलेला त्याला दिसला नाही.

आता तो मिळतो. 'इट!'ही मिळतो. योगायोग असा की दोन्ही चित्रपट ६९ मिनिटांचे आहेत. एका रात्रीत दोन्ही बघून होतील. आधी 'इट!' बघा, मग 'घोस्ट शिप'. खोलीतले दिवे मालवा, आणि साखळीचा प्रसंग येईल तेव्हा कृपा करून आवाज कमी करू नका.